द्वारकाबाईंच्या हातावरची तुळस

टेम्पोत आधी खुर्ची चढवली. टॅटूची खुर्ची म्हणजे लोखंडाचं धूड. चौघांनी उचलायची ती टेम्पोवाले रफिकभाई आणि मी अशा दोघांनीच उचलली, कारण मला वजन लागत नव्हतं. त्या दिवसांत मला काहीच लागत नव्हतं. उंबऱ्यात बोट चेमटलं, नख काळंनिळं झालं, ते मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना दिसलं.

रफिकभाई मला शशीदादा म्हणतात. जरा बसा, पाणी प्या म्हणाले. मी बसलो, पाणी प्यालो. उठा म्हणाले तेव्हा उठलो. आठ महिने हे असंच चाललं होतं.

कऱ्हाडात बसस्थानकामागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. मूळचं वडिलांचं, शिलाईचं. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, उदयनं, शिलाईची मशीन घरी नेऊन टाकली आणि तिथं टॅटूचा स्टुडिओ मांडला. घराण्याची सुई सुटली नाही, फक्त कापड बदललं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. चित्रकार तो. मी नावं, ओम, त्रिशूळ असलं किरकोळ काम करायचो, आणि त्याच्या अवघड कामांत कातडी ताणून धरायचो. बरगडीवर, कोपराशी, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर एकानं कातडी ताणली नाही तर दुसऱ्याची रेघ सरळ येत नाही. बारा वर्षं मी ताणत आलो. दर शनिवारी विठ्ठलमंदिरात कीर्तनाला मी टाळ घेऊन उभा राहतो, तिथंही माझं काम तेच. बुवा चरण म्हणतात, आम्ही मागून उचलून धरतो. पुढं कोणी असलं की मला काही अवघड जात नाही.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर, उदय गेला. डेंग्यूचं निमित्त झालं. चार दिवस. एकोणचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर मी एकही दिवस दुकान बंद ठेवलं नाही आणि एकही शनिवार चुकवला नाही. दुकानात मी ओम काढत होतो, देवळात टाळ वाजवत होतो. हात ठेक्यात पडत होते. बुवा काय सांगत होते ते मात्र माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. इतकं जीव लावून ऐकलेलं कीर्तन, आणि आता ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं वाटायचं.

वैशाखात मालकानं इमारत पाडायला काढली. नाक्याजवळ औषधांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक खोली मिळाली. माझ्या बायकोनं, शालननं, सगळं ठरवलं. मी मान डोलावली.

सामान टेम्पोत भरून झालं तेव्हा एक पत्र्याची ट्रंक राहिली होती. ही कुठं ठेवायची, असं रफिकभाईंनी विचारलं. ही घाटावर जायची, असं मी सांगितलं.

त्या ट्रंकेचं सांगायला हवं. टॅटू काढताना चित्र आधी जांभळ्या शाईनं कागदावर उतरवतात. तो कागद कातडीवर दाबला की चित्र अंगावर उमटतं, मग कागदाचं काम संपतं. बाकीचे लोक तो चोळामोळा करून टोपलीत टाकतात. पण आमच्याकडच्या दहांतली सहा गिऱ्हाइकं देवच काढून घ्यायची. खंडोबा, महादेव, कमरेवर हात ठेवलेला विठोबा. तो कागद कचऱ्यात टाकायला माझा हात होईना. म्हणून मी ते ट्रंकेत साठवायला लागलो, आणि दर वर्षी अनंत चतुर्दशीनंतर निर्माल्याबरोबर कृष्णेत सोडून यायचो. उदय हसायचा. "दादा, हा देव नव्हे, कार्बन आहे," म्हणायचा. पण कागद सरळ करून ट्रंकेत ठेवायचा तोच.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला आम्ही दवाखान्यात होतो. ट्रंक तशीच भरलेली राहिली होती.

मी ती स्कूटरच्या पुढ्यात घेतली, घाटावर नेली, रिकामी करून परत आणली. शालनला सांगितलं, न बघता सगळं सोडून आलो. बरं केलंत, ती म्हणाली, नव्या जागेत जुनं कशाला. तिला वाटलं, निदान एवढं तरी मी आपल्या मनानं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या जागेत मी खुर्चीचे बोल्ट आवळत होतो, तेव्हा विजयाताई पिसाळ जिना चढून आल्या. बालवाडीच्या बाई. पन्नाशीच्या. शाळेला सुट्टी लागली होती. दारात चपला काढल्या, भिंतींवरून नजर फिरवली, उजेड चांगला आहे म्हणाल्या. मग डावी बाही वर केली.

त्यांच्या हातावर अर्धी तुळस होती. वृंदावन आणि खोड. मंजिऱ्या नव्हत्या.

ती तुळस त्यांच्या आईची, द्वारकाबाईंची. द्वारकाबाई आमच्या कीर्तनातल्या. खांबाला पाठ टेकून बसायच्या आणि बुवांची गोष्ट रंगात आली की मोठ्यानं च्च च्च करायच्या. त्यांच्या हातावर लहानपणी जत्रेत गोंदलेली तुळस होती. मनगटाकडं तोंड करून वाढलेली, तीन मंजिऱ्यांची, आणि त्यातली अंगठ्याकडची एक मंजिरी वाकलेली. विजयाताईंना तीच हवी होती, तशीच, वाकडीसुद्धा. सरळ तुळस कोणीही काढील, पण ती काय आमच्या आईची, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या श्रावणात त्या द्वारकाबाईंना घेऊन दुकानात आल्या होत्या. म्हातारीच्या हातावरून पातळ कागदावर नक्षी उतरवून घ्यायची होती. पण ऐंशी वर्षांची कातडी म्हणजे मऊ पडलेलं धोतर. कागद ठेवावा तर तुळशीच्या घड्या पडलेल्या. मग मी एका हातानं कोपराकडून आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मनगटाकडून ताण दिला. "अजून. अजून. आता थांब," उदय सांगत गेला, आणि सुरकुत्यांतून हळूहळू ती तुळस उघडत आली, सात वर्षांच्या मुलीच्या हातावर असेल तशी. द्वारकाबाई स्वतःच बघत राहिल्या. त्यांनीसुद्धा ती कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"ही मंजिरी वाकडी कशी झाली हो?" उदयनं विचारलं.

"मी हिसडा दिला की," द्वारकाबाई म्हणाल्या. "गोंदणारी म्हातारी मला म्हनली, वाकडी केलीस, आता सासूबी वाकडीच मिळंल. आन् मिळाली बी."

उदय एवढा हसला की कागद हलला आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवायला लागला.

त्या आठवड्यात त्यानं विजयाताईंच्या हातावर वृंदावन आणि खोड काढलं. मंजिऱ्या म्हणजे नुसती टिंबं, ती मशीननं द्यायची नाहीत, जुन्या रीतीनं हातानं सुई टोचून द्यायची, असं त्याच्या मनात होतं. तीन आठवड्यांनी पहिलं काम भरून आलं की दुसरी बैठक ठरली होती. तीन आठवड्यांनी तो नव्हता. माघात द्वारकाबाईही गेल्या.

विजयाताईंचा पंधरा दिवसांपूर्वी फोन आला होता. आईचा कागद आहे ना, एवढंच विचारलं होतं. मी ट्रंक उघडून बघितली. कागद त्यातच होता. आहे, असं मी सांगितलं होतं.

"काढा कागद," आता त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी पाना खाली ठेवला. सांगितलं की देवांचे कागद काल नदीत सोडले, त्यांत तोही गेला. गडबडीत लक्षात राहिलं नाही.

त्यांनी बाही हळूहळू खाली केली. मग विचारलं, त्याचा फोटो वगैरे? नाही. उदयच्या मोबाइलमध्ये? मोबाइल त्याच्या सासरच्यांनी नेला, तो बंदच झालाय. आईचा हात दिसेल असा घरी एखादा फोटो? त्यांनीच मान हलवली. आई फोटोत हात पदराखाली घ्यायची, म्हणाल्या.

"सरळ काढून देतो," मी म्हणालो. "छान काढतो."

"सरळ नको," त्या म्हणाल्या. "सरळ काढायची तर हे अर्धंच राहू दे. अर्धी तरी खरी आहे."

त्या उठल्या. चपला घालायला वाकल्या, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी दाराची चौकट धरली. डावा हात. बाही सरकली. मी त्या मनगटाकडं बघत होतो, आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या पोटाशी काहीतरी हललं. अगदी बारीक. ठक, ठक. मला आधी वाटलं, कालचं चेमटलेलं बोट ठणकतंय. पण ते बोट डाव्या हाताचं होतं.

"ताई, थांबा," मी म्हणालो. "जरा हात द्या."

मी डाव्या हातानं त्यांच्या कोपराशी ताण दिला, उजवा अंगठा मनगटावर ठेवला. श्रावणात ठेवला होता तसा. आणि त्यांची नाडी माझ्या अंगठ्याखाली आली. द्वारकाबाईंचीही आली होती. कागद उतरवायला अर्धा तास लागला होता आणि तो अर्धा तास म्हातारीची नाडी माझ्या अंगठ्याला लागत होती. वाकड्या मंजिरीचं टोकाचं टिंब त्या अंगठ्याखाली झाकलं जात होतं, म्हणून उदय म्हणाला होता, ते आपण शेवटी घेऊ, तुझा अंगठा निघाल्यावर. ते टिंब नाडीवर होतं. बरोबर नाडीवर.

मी त्यांना तेवढं सांगितलं. त्या परत खुर्चीत बसल्या.

मी पेनानं नाडीवर एक खूण केली. तिथून खोडाच्या टोकापर्यंत मंजिरी वाकवत आणायची, एवढं आता दिसत होतं. मधली टिंबं किती, ते मला आठवेना.

"पाच," त्या लगेच म्हणाल्या. "एकेका मंजिरीला पाच. कीर्तनात मी आईच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि तिच्या हातावरची मोजायची. पंधरा झाली की पुन्हा पहिल्यापासून. वाकडीतलं तिसरं जरा बाहेर आहे. नाही, एवढं नाही. अलीकडं घ्या. हां."

मी खुणा करत गेलो, त्या सांगत गेल्या. दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात लांब धरून बघितला, मग उलटा फिरवून बघितला, मांडीवर डोकं ठेवलेल्या पोरीला दिसेल तसा. ही आहे, एवढंच म्हणाल्या.

मी हात धुतले, हातमोजे घातले, नवी सुई काढली. कातडी ताणायला कोणी नव्हतं. त्यांचाच उजवा हात कोपराशी ठेवायला सांगितला, कसा ओढायचा ते दाखवलं. एकदा त्यांनी जास्त ओढलं तेव्हा मी म्हणालो, आता थांबा.

टिंब हातानं द्यायचं म्हणजे सुई तिरकी लावायची, टोचायची, अलगद वर घ्यायची. कातडी सुईला किंचित धरते आणि सोडते. एका टिंबाला दहा-बारा वेळा. खाली औषधांच्या दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. डावीकडची मंजिरी झाली. मधली झाली. विजयाताई आईच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होत्या. आई शेवटी कोणाला ओळखत नव्हती, पण हातात हात दिला की कीर्तनातल्या टाळीचा ठेका धरायची, असं म्हणाल्या. मी हं हं करत होतो. वाकडी मंजिरी खालून वर आली. पहिलं, दुसरं, बाहेरचं तिसरं, चौथं.

शेवटच्या टिंबासाठी मी अंगठा बाजूला घेतला, सुई नाडीवर आणली, आणि ती तिथंच राहिली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी सुई ताटलीत ठेवली.

"ताई, कागद गडबडीत गेला नाही," मी म्हणालो. "मी तो पाहिला होता. ट्रंक उलटी केली तेव्हा बाकीचे गेले, तो एकटा पायरीला चिकटला. त्याच्यावर उदयच्या अक्षरात लिहिलेलं होतं, अर्धं बाकी, दादा धरेल. मी वाचलं. हातात घेतला असता तर घरी आणावा लागला असता. मला त्याच्या अक्षरातलं काही नव्या जागेत नको होतं. म्हणून मी तो पायानं ढकलला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुळस होती त्याच्यावर," मी म्हणालो. "मला माहीत होतं. तुमचा फोन आलेला माहीत होतं. तरी पायानं ढकलला."

मी हे शालनला सांगितलं नव्हतं. बुवांना विचारलं नव्हतं की याला काही उतारा आहे का. जन्मात कधी पुस्तकाला पाय लागला तर मी वाकून नमस्कार करतो. त्या पायरीवर मी वाकलो नाही. चप्पल ओली झाली म्हणून ती झटकली आणि स्कूटर सुरू केली.

विजयाताई उठल्या आणि खिडकीशी गेल्या. हात छातीशी धरून, गोंदलेली बाजू वर करून, नाक्यावरची रहदारी बघत उभ्या राहिल्या. माझ्याकडं पाठ होती. त्या गेल्या असत्या तर मी त्यांना अडवलं नसतं. चौदा टिंबं झाली होती, कोणाला कळलंही नसतं. त्यांना मात्र रोज कळलं असतं.

खालच्या दुकानाचं अर्धं शटर कोणीतरी ओढलं, दुपार झाली असावी. मग त्या वळल्या, खुर्चीत येऊन बसल्या, हात होता तसा टेकणीवर ठेवला आणि उजव्या हातानं स्वतःच कोपराशी ताण दिला.

"द्या टिंब," त्या म्हणाल्या. "पण आधी तोंड पुसा, भाऊ. माझ्या हातावर पडतंय."

मला कळेना, काय पडतंय. मी गालाला हात लावला तर हातमोजा ओला झाला. मान ओली होती, शर्टाची कॉलर ओली होती. कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मात्र ते थांबेना. मी स्टुलावर तसाच बसून राहिलो, आणि त्या हात तसाच ताणून धरून बसल्या. सोडला नाही. अधूनमधून नुसतं, होऊ द्या, असं म्हणत होत्या.

मग मी उठलो. तोंड धुतलं, हात धुतले, नवे हातमोजे घातले. जुनी सुई टाकून दुसरी काढली. त्यांच्या मनगटावर पडलेलं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, तशी नाडीवरची पेनाची खूणही पुसली गेली. मी अंगठ्यानं जागा शोधली आणि टिंब दिलं.

याला आता अकरा वर्षं झाली. ते पंधरावं टिंब बाकीच्यांपेक्षा मोठं आहे. सुई जरा खोल गेली, शाई पसरली. सरळ सांगायचं तर ते चुकलंय. नंतर एकदा मी म्हणालो, ताई, सुट्टीत या, भोवतीची सगळी जरा मोठी करून देतो म्हणजे हे उठून दिसणार नाही. त्या म्हणाल्या, आईनं हिसडा दिला ते ठेवलं ना तुम्ही, मग हेही राहू दे. आणि पिशवीतून मला पेढा काढून दिला, नातू झाल्याचा. मी तो त्यांच्यासमोरच खाल्ला. फार गोड होता.